वाळूच्या टेकड्यांवरून आल्यावर डर्ट बाइक सेल्फला उचलत नाही, पण ढकलली की सुरू होते: तपासणी कुठून सुरू करावी आणि कुठे थांबावे

गाडी सकाळी व्यवस्थित होती. तीन तास वाळूत चालवली, एका टेकडीच्या माथ्यावर ती बंद पडली आणि त्यानंतर सेल्फ कितीही मारला तरी इंजिन नुसते फिरत राहिले. शेवटी तिला उतारावर सोडून दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला, तेव्हा ती लगेच पेटली आणि घरापर्यंत नीट आली. पुढच्या शनिवारी मात्र घरातून निघतानाच दहा-बारा वेळा सेल्फ मारावा लागला. शारजाहजवळच्या अल बदायरच्या तांबड्या टेकड्यांवर, ज्यांना इथले सगळे ‘बिग रेड’ म्हणतात, चालणाऱ्या फोर-स्ट्रोक गाड्यांची ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे आणि इतक्या वेळा दुरुस्त केली आहे, की तिच्याविषयी एकदा सविस्तर लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

माझी नोकरी कारखान्यातील यंत्रांच्या देखभालीची आहे. ऑक्टोबर ते एप्रिल या थंडीच्या हंगामात मी वाळूत गाडी चालवतो आणि आमच्या गटातल्या, मुख्यतः पुणे, सांगली, कोल्हापूरकडून नोकरीसाठी इकडे आलेल्या मित्रांच्या गाड्या उघडतो. २०२० पासून डकार रॅली ही वाळवंटातली शर्यत सौदी अरेबियात भरू लागली आणि २०२४ मध्ये भारतीय चालक हरिथ नोआ यांनी तिच्यातला रॅली-२ हा वर्ग जिंकला. तेव्हापासून वाळूत गाडी घालण्याची इच्छा असलेले नवे भारतीय चालक आमच्याकडे अधिक येऊ लागले आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकांचा अनुभव रस्त्यावरच्या गाड्यांचा असतो. रस्त्यावरच्या गाडीचा एअर फिल्टर सर्व्हिसिंगच्या वेळी गॅरेजवाला बघतो, ही सवय मनात घेऊन माणूस वाळूत उतरतो. वर वर्णन केलेल्या बिघाडाचे मूळ बहुतेक वेळा या सवयीतच असते.

खुणा कोणत्या

पहिली खूण सुरू होण्याची. थंड इंजिन सुरू व्हायला आधी दोन सेकंद लागत असतील, तर आता दहा लागतात, आणि गरम गाडी बंद पडली तर सेल्फला ती दाद देत नाही. ढकलली की मात्र चालू होते. दुसरी खूण रिकाम्या चालीची. गाडी उभी असताना इंजिनाचा आवाज एकसारखा राहत नाही, चढउतार होतो आणि एक्सलेटर सोडल्यावर गाडी बंद पडते. तिसरी खूण अशी, की किक असलेल्या गाडीत पायाखाली पूर्वीसारखा विरोध जाणवत नाही, किक मऊ लागते. चौथी खूण उशिरा दिसते: ऑइलची पातळी कमी होऊ लागते आणि एक्सलेटर मिटून पुन्हा उघडल्यावर सायलेन्सरमधून निळसर धूर येतो.

यात फसवणारी गोष्ट अशी, की एकदा चालू झालेली गाडी वेगात उत्तम पळते. त्यामुळे चालकाला वाटते की इंजिन ठणठणीत आहे आणि दोष सेल्फचा किंवा बॅटरीचा आहे. नवी बॅटरी घातली जाते, ताकदीची नवी बॅटरी इंजिन थोडे जोरात फिरवते, गाडी दोन-तीन फेऱ्यांपुरती सुरू होते आणि खरा दोष आत वाढत राहतो.

हत्यार न लावता करायच्या तपासण्या

सर्वांत आधी एक्सलेटर फिरवून सोडावा. तो चटकन मागे आला पाहिजे. हँडल डावीकडे पूर्ण वळवून आणि उजवीकडे पूर्ण वळवून तीच तपासणी पुन्हा करावी. गाडी वाळूत आडवी झाली असेल, तर मुठीच्या नळीत वाळू शिरून एक्सलेटर अर्धा उघडा अडकू शकतो. सुरू न होण्याशी या तपासणीचा संबंध नाही, पण गाडी अचानक सुरू होऊन उधळली तर हातपाय मोडू शकतात, म्हणून ती पहिली.

त्यानंतर किल स्विच पाहावा. त्याच्या फटीत वाळू जाऊन तो अर्धवट दाबलेला राहतो. चार-पाच वेळा दाबून सोडल्यास बहुधा मोकळा होतो. फ्युएल इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटर नसलेल्या) अनेक गाड्यांत गाडी पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. गाडी उभी केली तरी तो आपोआप मूळ स्थितीत येईलच असे नाही, म्हणून इग्निशन पूर्ण बंद करून काही सेकंदांनी पुन्हा चालू करावे. हे ठाऊक नसल्याने भर उन्हात अर्धा तास सेल्फ मारत बसलेली माणसे मी पाहिली आहेत.

मग पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडावे आणि कान द्यावा. हवा आत ओढली जाण्याचा सुस्कारा ऐकू आला, तर झाकणावरची हवेची बारीक नळी वाळूने बुजली आहे. टाकीत हवा न गेल्याने पेट्रोल खाली उतरत नाही आणि पूर्ण एक्सलेटरवर चढताना गाडी गुदमरते. नळी काढून फुंकली की काम झाले. ही नळी साफ करायला एक पैसा लागत नाही, आणि आमच्या गटात ‘इंजिन गेले’ म्हणून गाडीवर लादून परत आणलेल्या दोन गाड्यांत दोष फक्त या नळीचा निघाला होता.

गाडी सुरू होते पण ओढत नाही, अशी तक्रार असेल तर आणखी दोन गोष्टी हातानेच कळतात. मागचे चाक उचलून, न्यूट्रलमध्ये हाताने फिरवावे. ते जड फिरत असेल तर ब्रेक धरलेला आहे किंवा चेन वाळूने आवळली आहे. दुसरे, चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, असे होत असेल तर क्लच घसरतो आहे. मऊ वाळूत चाक रुतल्यावर अर्ध्या क्लचवर गाडी बाहेर काढण्याचा प्रयत्न केला, की क्लच प्लेटा एका सकाळीत जळतात. अशा गाडीच्या ऑइलला करपट वास येतो. क्लचचा दोष आणि इंजिनाच्या दमाचा दोष यांची गल्लत झाली, तर पुढची सगळी तपासणी चुकीच्या दिशेने जाते.

बॅटरी

बॅटरीची तपासणी एका साध्या मल्टिमीटरने होते. रात्रभर उभ्या राहिलेल्या, पूर्ण भरलेल्या लेड-अॅसिड बॅटरीने १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवले पाहिजे, तर लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीने १३.२ व्होल्टच्या वर. सेल्फ मारताना आकडा १० व्होल्टच्या खाली कोसळत असेल, तर आधी बॅटरी चार्ज करावी आणि मगच बाकीचा विचार करावा. लिथियम बॅटरी हिवाळ्यातल्या पहाटे मंदावते. अशा वेळी हेडलाइट एक मिनिट चालू ठेवल्यास ती आतून थोडी गरम होते आणि दुसऱ्या प्रयत्नाला चांगली ताकद देते.

ही तपासणी इतक्या आधी करण्याचे कारण स्वस्ताई इतकेच नाही. सेल्फचा वेग नेहमीसारखा आहे हे एकदा निश्चित झाले, की ‘इंजिन नीट फिरते पण पेटत नाही’ हे विधान आपण खात्रीने करू शकतो, आणि पुढच्या तपासण्यांना अर्थ येतो.

एअर फिल्टर: इथे घाई करू नये

या बिघाडाचा उगम बहुतेक वेळा इथे सापडतो, म्हणून या तपासणीला मी इतर सर्वांपेक्षा अधिक वेळ देतो.

आधी कारण समजून घेऊ. वाळूचा दिसणारा कण इंजिनाचा मोठा शत्रू नाही. तो फोमच्या बाहेरच अडतो. टेकडीवरची वाऱ्याने चाळलेली वाळू साधारण एक दशांश ते अर्धा मिलिमीटर जाडीची असते. पण पुढच्या गाडीच्या मागच्या चाकाने ती उडवली, की तिच्यातली पिठासारखी धूळ हवेत तरंगत राहते. या धुळीत क्वार्ट्झ असते आणि मोहच्या काठिण्यश्रेणीत क्वार्ट्झ सातव्या क्रमांकावर आहे. आजच्या अनेक ४५० सीसीच्या गाड्यांत इनटेकचे, म्हणजे हवा आत घेणारे, व्हॉल्व्ह टायटॅनियमचे असतात. ते वजनाला हलके असतात, पण त्यांचे खरे संरक्षण म्हणजे पृष्ठभागावरचा अतिशय पातळ कठीण थर. मिनिटाला हजारो वेळा व्हॉल्व्ह आपल्या सीटवर, म्हणजे तो जिथे बसतो त्या धातूच्या कड्यावर, आदळतो आणि दोघांच्या मध्ये ही धूळ पॉलिश पेपरसारखी घासली जाते. थर गेला की खालचे टायटॅनियम भराभर झिजते, व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल बसू लागतो आणि त्याच्या वरची, म्हणजे टॅपेटची, फट कमी होत जाते. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. सेल्फ इंजिनाला सावकाश फिरवतो, त्या वेळात दाब या बारीक फटीतून निसटून जातो आणि स्फोट होत नाही. गाडी ढकलली की इंजिन जास्त वेगाने फिरते, दाब निसटायला वेळ मिळत नाही आणि ती पेटते. सुरुवातीच्या खुणांचा सगळा उलगडा एवढ्यात होतो.

आता तपासणी. गाडीची सीट किंवा बाजूचे झाकण काढण्यापूर्वी तिथली सुटी वाळू मऊ ब्रशने झाडून घ्यावी, नाही तर आपणच ती एअर बॉक्समध्ये, म्हणजे फिल्टरच्या डब्यात, पाडतो. फिल्टर हलक्या हाताने बाहेर काढावा आणि लगेच, आत काहीही न पडू देता, पांढरे स्वच्छ सुती फडके तर्जनीला गुंडाळून एअर बॉक्सपासून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या आतून फिरवावे. फडके पांढरेच राहिले किंवा त्यावर फक्त फिल्टर ऑइलचा डाग आला, तर फिल्टरने काम केले आहे. फडक्यावर तांबूस रेघ आली, किंवा ते दोन बोटांत चोळल्यावर चरचर लागली, तर धूळ आत गेली आहे. मग फिल्टरची कड वळसा घालून पाहावी. धूळ जिथून गेली तिथे ग्रीसवर बारीक तांबडी वाट उमटलेली दिसते.

तीन हंगामांपूर्वी माझ्याच गाडीत मला ती दिसली. पहाटे चारला टॉर्चच्या उजेडात फिल्टर बसवताना त्याच्या कडेचा डाव्या खालच्या कोपऱ्यातला दोन बोटे रुंदीचा भाग आत दुमडला गेला होता आणि मी बोट फिरवून खात्री केली नव्हती. तशा स्थितीत तीन फेऱ्या झाल्या. डाव्या इनटेकची फट ०.१२ मिलिमीटरवरून ०.०५ वर आली. मी शिम, म्हणजे ही फट जुळवणारी लहान चकती, बदलून ती पुन्हा योग्य केली आणि समाधान मानले. त्यानंतर दोनच फेऱ्यांनी फट मोजायच्या फीलर गेजचे ०.०५ चे पातेही आत शिरेना. हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, उघडल्यावर व्हॉल्व्हच्या काठावर इतकी खोल खाच होती, की तिच्यात नख अडकत होते. दुमडलेल्या दोन बोटांच्या फोमने हे काम केले होते.

फिल्टर धुताना आणि ऑइल लावताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. फोमचा फिल्टर धूळ अडवतो तो त्याच्या छिद्रांमुळे थोडा आणि त्यात मुरलेल्या चिकट ऑइलमुळे जास्त, म्हणून कोरडा किंवा कमी ऑइल लावलेला फिल्टर वाळूत जवळजवळ निरुपयोगी ठरतो. फिल्टरसाठी मिळणाऱ्या खास द्रावणात तो धुवावा, नंतर साबणाच्या कोमट पाण्याने द्रावण काढून टाकावे आणि सावलीत पूर्ण वाळवावा. पेट्रोलने धुऊ नये, कारण फोमचे थर जोडणारा गोंद त्याने सुटतो आणि बंद गॅरेजमध्ये आगीचा धोका असतो. कपड्यासारखा पिळू नये, दोन तळव्यांमध्ये दाबून पाणी काढावे. पिळल्याने शिवणीजवळ डोळ्यांना न दिसणारी चीर जाते. इंजिन ऑइल वापरू नये, कारण ते उन्हात पातळ होऊन खालच्या भागात उतरते आणि वरचा फोम कोरडा पडतो. फिल्टर ऑइल सगळीकडे एकसारख्या रंगाचे दिसेपर्यंत हाताने मळावे, जास्तीचे दाबून काढावे आणि फिल्टर काही तास ठेवून मगच बसवावा. कडेला ग्रीसचा अखंड थर लावावा. बसवल्यावर एका बोटाने संपूर्ण कडा चाचपावी, आणि उजेडात चाचपावी.

टेकड्यांवरच्या प्रत्येक दिवसासाठी नव्याने धुतलेला फिल्टर, हा माझा नियम आहे. मी चार फिल्टर आळीपाळीने वापरतो आणि ऑइल लावलेले दोन फिल्टर बंद पिशवीत बरोबर नेतो. फिल्टरवर चढवायचे पातळ कापडी मोजेही मिळतात. लांब फेरीत मध्येच मोजा उतरवता येतो, पण तो उलटा गुंडाळत काढावा, झटकू नये.

फिल्टर चांगला निघाला तर रबरी नळीच्या दोन्ही टोकांच्या क्लिपा घट्ट आहेत का आणि नळीला तडा आहे का, हेही बघावे. उन्हात रबर कडक होते आणि तडा बहुधा खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला पडतो, म्हणून तिथे बोटाने चाचपणे आवश्यक आहे.

प्लग, पेट्रोलचा फिल्टर आणि ऑइल

प्लग काढण्यापूर्वी त्याच्या खोबणीत दाबाची हवा मारावी आणि त्या वेळी डोळ्यांवर चष्मा असावा. खोबणीत साठलेली वाळू प्लग सैल होताच सरळ सिलिंडरमध्ये पडते, आणि मग साधी तपासणी करताना आपणच इंजिन संपवतो. प्लगचे टोक फिकट तपकिरी असले तर ठीक. ते काळे आणि कोरडे असेल तर हवा कमी मिळते, म्हणजे बहुधा फिल्टर चोंदला आहे. वारंवार सेल्फ मारल्यामुळे ते पेट्रोलने ओले झाले असेल, तर नवा प्लग घालून पाहावा. नवा प्लग घातल्यावर गाडी सुरू झाली आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच तक्रार आली, तर दोष प्लगचा नव्हता.

इंजेक्शनच्या काही गाड्यांत टाकीकडून येणाऱ्या नळीच्या जोडात अंगठ्याच्या नखाएवढा बारीक फिल्टर असतो. कॅनमधून वाऱ्यात पेट्रोल भरले की वाळू टाकीत जाते आणि हा फिल्टर तिने भरतो. तो स्वस्त आहे आणि हंगामात दोनदा बदलल्यास शंका उरत नाही. जोड उघडण्यापूर्वी इग्निशन बंद असावे, इंजिन थंड असावे आणि जोडाभोवती फडके धरावे, कारण नळीत दाबाखालचे पेट्रोल असते.

ऑइलकडे बघण्यासाठी ते बदलण्याची वाट पाहू नये. थोडे ऑइल स्वच्छ भांड्यात काढून दोन बोटांत चोळावे. ड्रेन बोल्टच्या चुंबकावरची बारीक करडी लव नेहमीचीच असते. बोटाला जाणवणारे कण, चमकणारे तुकडे किंवा दुधाळ रंग दिसला, तर तपासणी तिथेच थांबवावी.

टॅपेटची फट

ही तपासणी घरी करता येते, पण हात बसलेला असावा आणि त्या गाडीची पुस्तिका समोर असावी. इंजिन पूर्ण थंड, म्हणजे रात्रभर उभे असले पाहिजे. टाकी काढल्यावर व्हॉल्व्ह कव्हर उघडण्याआधी इंजिनाचा वरचा भाग पूर्ण धुऊन, हवेने वाळवून घ्यावा, कारण फ्रेमच्या कोपऱ्यांत दडलेली वाळू पाना लागला की खाली गळते. पिस्टन दाबाच्या फेरीत वरच्या टोकाला आणावा आणि फीलर गेजचे पाते कॅम व टॅपेट यांच्यामध्ये सरकवावे. माझ्या हाताखालून गेलेल्या ४५० सीसीच्या बहुतेक गाड्यांत इनटेकची फट ०.१० ते ०.१५ मिलिमीटर ठेवायची असते, तरी आपल्या गाडीचा आकडा पुस्तिकेतूनच घ्यावा. योग्य पाते लोण्यातून सुरी जाते तसे जात नाही. ते जाताना हाताला किंचित ओढ जाणवते. जे पाते ओढ देऊन जाते आणि ज्याच्या पुढचे जात नाही, तो आपला आकडा.

आकडा कागदावर लिहावा. डाव्या आणि उजव्या इनटेकचे वेगवेगळे लिहावेत, शेजारी इंजिनाचे तास लिहावेत. मोजमापाचे खरे महत्त्व एका आकड्यात नसून दोन आकड्यांमधल्या फरकात आहे. चाळीस तासांत फट ०.०२ ने कमी झाली असेल, तर ती नेहमीची झीज आहे आणि शिम बदलून गाडी चालवता येते. पाच-सहा तासांत ती ०.०५ ने कमी झाली असेल, तर व्हॉल्व्हचा थर गेला आहे.

शिम बदलण्याविषयी मला आग्रहाने सांगायचे आहे. एकदा शिम बदलून फट योग्य केली आणि ती थोड्याच तासांत पुन्हा आवळली, तर दुसऱ्यांदा शिम बदलू नये. आमच्या एका मित्राच्या गाडीला एका गॅरेजने ओळीने तीनदा शिम बदलून दिली. प्रत्येक वेळी गाडी दोन शनिवार चालली. शेवटी व्हॉल्व्ह तुटून पिस्टनवर पडला आणि हेडसकट सगळा वरचा भाग बदलावा लागला. तीनही वेळा कोणी फिल्टरच्या नळीतून फडके फिरवले नव्हते.

इथे थांबावे आणि जाणकाराकडे न्यावी

थ्रॉटल बॉडीच्या, एक्सलेटरने उघडणाऱ्या फुलपाखरी झडपेच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला, फडक्याला चरचर लागली तर गाडी आणखी एकदाही सुरू करू नये. सेल्फची प्रत्येक फिरकी ती धूळ आत ओढते. फट शून्य असेल, शिम बदलल्यावर पुन्हा आवळली असेल, ऑइलमध्ये धातूचे कण असतील किंवा ते दुधाळ झाले असेल, किंवा किक अगदी मोकळी जात असेल, तर आपले काम संपले. कूलंट उकळत असेल तर गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. वाफ तोंडावर येते.

जाणकाराकडे गेल्यावर लीक-डाउन टेस्ट करून मागावी. सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरली, की ती कुठून निसटते हे ऐकून दोष कळतो: फिल्टरच्या बाजूने फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, आणि इंजिनाच्या श्वासनळीतून आली तर पिस्टनच्या रिंगा. नुसत्या कम्प्रेशन गेजवर विश्वास ठेवू नये, कारण या गाड्यांत सेल्फ हलका जावा म्हणून सुरू करताना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थोडा उघडा ठेवणारी यंत्रणा असते आणि त्यामुळे गेज चांगल्या इंजिनातही कमी आकडा दाखवतो.

हेड उघडायचे ठरले तर तीन गोष्टी आधी बोलून घ्याव्यात. टायटॅनियम व्हॉल्व्ह पेस्ट लावून लॅप करायचे, म्हणजे सीटवर घासून बसवायचे, नसतात. लॅपिंगने त्यांचा थर तिथेच निघून जातो. नवा व्हॉल्व्ह जुन्या झिजलेल्या सीटवर बसवायचा नसतो. सीट नव्याने कापून घ्यावी लागते. आणि स्टीलचे व्हॉल्व्ह घालायचे असतील, तर ते जड असल्याने त्यांच्यासाठीच्या स्प्रिंगा बरोबर घालाव्या लागतात. वाळूत हौसेने चालवणाऱ्याला स्टीलचे व्हॉल्व्ह मी स्वतः सुचवतो; वरच्या वेगातला थोडा फरक आपल्याला कळत नाही, आयुष्यातला फरक मात्र नक्की कळतो. व्हॉल्व्ह खाणारी धूळ सिलिंडरच्या भिंतीवरूनही गेलेली असते, म्हणून हेड उघडेच आहे तर पिस्टन, रिंगा आणि बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) यांचीही मापे घ्यायला सांगावीत.

फेरी संपल्यावर

घरी आल्याबरोबर पाण्याचा पाइप हातात घेऊ नये. कोरडी वाळू ब्रशने आणि हवेने निघते. पाणी पडले की ती बेअरिंगांच्या सीलपाशी, चेनच्या कड्यांत आणि रेडिएटरच्या जाळीत चिखलासारखी बसते. आधी झाडणे, मग रेडिएटर मागून पुढे हवेने फुंकणे, मग एअर बॉक्सचे तोंड झाकणाने बंद करून कमी दाबाच्या पाण्याने धुणे, हा क्रम ठेवावा. जोरदार फवारा चाकाच्या बेअरिंगवर, फोर्कच्या सीलवर आणि चेनवर थेट मारला, तर तो वाळूला सीलच्या आत ढकलतो. फोर्कचा वरचा धूळ-सील खाली सरकवून त्यातली वाळू मऊ फडक्याने टिपून घेतली, तर ऑइल गळणारे निम्मे फोर्क उघडावे लागत नाहीत.

चेनला वाळूत जाण्यापूर्वी चिकट ऑइल लावू नये. ऑइल आणि वाळू मिळून घासणारी लुगदी तयार होते आणि स्प्रॉकेटचे दात एका हंगामात टोकदार होतात. कोरडे राहणारे मेणासारखे ल्युब्रिकंट वापरावे आणि तेही आदल्या रात्री. फिल्टर मात्र त्याच संध्याकाळी काढून धुवावा, कारण आठवडाभर तसाच राहिला तर ऑइल वाळून धूळ सैल होते आणि पुढच्या वेळी काढताना ती नळीत पडते.

चालवतानाही थोडे भान ठेवले तर फिल्टरवरचा भार बराच कमी होतो. पुढच्या गाडीच्या उडणाऱ्या वाळूत थेट मागे राहू नये. बाजूची रेघ धरावी किंवा धूळ बसेपर्यंत अंतर ठेवावे. गाडी आडवी पडून एअर बॉक्सकडची बाजू वाळूत रुतली असेल, तर उभी करून लगेच सेल्फ मारण्याऐवजी आधी झाकण उघडून फिल्टर बघावा. सोबतचे खोळंबतात, हे खरे आहे. पाच मिनिटे त्यांना खोळंबू द्यावे.

महाराष्ट्रातून जैसलमेरजवळच्या सम येथील टेकड्यांवर आपली रोजची अॅडव्हेंचर बाइक घेऊन जाणाऱ्यांना वरचे बहुतेक सारे लागू पडते, एक फरक सोडून. त्या गाड्यांत बहुधा कागदी फिल्टर असतो. तो धुवायचा नसतो, त्याला ऑइल लावायचे नसते आणि आतून जोरात हवा मारली तर कागदाला छिद्र पडते. निघताना नवा फिल्टर बरोबर घ्यावा, वाळूतल्या दिवसानंतर तो बदलावा आणि जुना काढल्यावर नळीतून ते पांढरे फडके फिरवून पाहावे.